ड्रॅगनला करमत नाही

“आजोबा, हा ड्रॅगन मी तिसऱ्या लेव्हलवर सोडून गेले होते!” नात ओरडली. व्हिडिओ गेमच्या तबकडीवर खेळणं ठेवलं की ते टीव्हीत जिवंत होतं, हे तिनंच मला शिकवलेलं. पडद्यावर एकोणचाळिसावी लेव्हल झळकत होती.

वर्षभर रोज दुपारी मीच खेळत होतो, हे सांगायची लाज वाटली. ठोकून दिलं, “तुम्ही कॅनडाला परतलात ना, तेव्हापासून हा आपणहून तबकडीवर चढून लढत बसतो. एकट्याला करमत नाही बिचाऱ्याला.”

तिचे डोळे भरले. “मग ह्याला मी सोबत नेते.”

नको म्हणावं, तर थाप उघडी पडणार.

परवा सगळे गेले. दुपारी तबकडीवर अडकित्ता ठेवून पाहिला; जबडा ड्रॅगनसारखाच आहे. टीव्ही म्हणतो, “खेळणं ठेवा.”