ठराव क्रमांक सात

टाळ्या थांबेपर्यंत चिटणिसाने पेनाचं टोपण तीनदा काढलं आणि तीनदा लावलं.

टाळ्या वकीलबाईसाठी होत्या. ती विद्यार्थी परिषदेची अध्यक्ष. तिची जीभ अशी चालायची की पोरांनी हे नावच पाडलं होतं. आजही वसतिगृहाच्या सतरा गळक्या नळांवर ती बोलली आणि खोलीतले सगळे खूश झाले.

ते नळ मोजले होते चिटणिसाने. तक्रारपेटी दर सोमवारी तोच उघडायचा, खोल्याखोल्यांतून तोच फिरायचा. मग ती उभी राहून "विद्यार्थ्यांचं म्हणणं असं आहे" म्हणायची. इतिवृत्तात सूचक ती, अनुमोदक हा. आयत्या बिळावर नागोबा, आणि त्या नागोबाची नोंदही यानेच ठेवायची. त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

त्यात विद्यापीठाच्या कार्यकारिणीतली विद्यार्थ्यांची एकमेव खुर्ची यंदा रिकामी झाली होती. कुलसचिव परिषदेची इतिवृत्तं चाळून माणूस निवडणार, अशी कुजबुज होती. त्या खुर्चीवर त्याचा पहिल्या वर्षापासून डोळा होता.

सहावा विषय संपला तशी वकीलबाई त्याला म्हणाली, "जरा झेरॉक्सच्या प्रती घेऊन ये ना. पुढचं मी टाइप करते."

तो गेला. झेरॉक्सवाल्याने विचारलं, कसल्या प्रती? तो रिकाम्या हाताने परतला तेव्हा खोली एकदम गप्प झाली. खजिनदार हसू दाबत खिडकीबाहेर पाहू लागली. बैठक आटोपलीच होती.

वकीलबाईने लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला. "सातवा विषय मी लिहिलाय. पाठवण्याआधी वाच हं."

"कसला आहे?"

"वाच म्हणजे कळेल."

वाचायचं काय त्यात? स्वतःच्याच अभिनंदनाचा ठराव असणार. आपलीच पाठ थोपटून घ्यायची म्हणून याला बाहेर पिटाळलं.

बाहेरच्या बाकावर बसून त्याने वर्षभराच्या इतिवृत्तांची फाइल उघडली. आधी तिच्या नावाच्या जागी सगळीकडे फुली घातली. मग स्वतःच्या नावाच्या जागी तिचं नाव. मग फुल्यांच्या जागी स्वतःचं. संगणकाच्या तीन हुकमांत सगळी इतिवृत्तं उलटली. शेवटच्या पानावर तो गेलाच नाही. तिचे गोडवे वाचण्याची त्याला हौस नव्हती.

पाठवताना बोट क्षणभर अडखळलं. "नळ मीच मोजले होते," तो स्वतःशी म्हणाला, आणि फाइल कुलसचिवांच्या कार्यालयाकडे गेली. परिषदेची पुढची बैठक थेट सुट्टीनंतर होती. तोवर कोण बघतंय?

चौथ्या दिवशी फलकावर सूचना लागली. तो गर्दीतून वाट काढत पुढे घुसला. परिषदेच्या ठराव क्रमांक सातमधील शिफारशीनुसार कार्यकारिणीवर विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून नेमणूक: पुढे वकीलबाईचं नाव होतं. त्याखाली लिहिलं होतं, सूचक, आणि त्याचं नाव.

त्याने ते दोनदा वाचलं. कोणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. वळून पाहिलं तर वकीलबाई उभी होती.

"तुला बाहेर पाठवून मी त्या खुर्चीसाठी तुझं नाव सुचवलं होतं रे," ती म्हणाली. "सगळ्यांनी एकमताने मंजूर केलं होतं. आणि तू ते काढून माझं घातलंस?"