लांडगा कोण?

"आजीला बाहेर पाठव," नात आईला म्हणाली आणि तिनं पांघरूण नाकापर्यंत ओढून घेतलं. नुसते डोळे तेवढे उघडे राहिले.

आजी दवाखान्यातल्या त्या खाटेच्या पायथ्याशी उभी होती. हातात नातीचं आवडतं चित्रांचं पुस्तक. तिनं एक पाऊल पुढे टाकलं, तशी पोरगी किंचाळली. नर्स धावत आली.

"अहो, इतकी रडली तर भूल देता येणार नाही. ऑपरेशन पुढे ढकलावं लागेल."

ऑपरेशन पुढे ढकलून चालणार नव्हतं. पोटातल्या खड्यानं पाच वर्षांची पोर रात्ररात्र तळमळत होती.

सुनेनं सासूला दंडाला धरून दाराशी नेलं. सून तोंडाची वाईट नव्हती, पण आज तिचा जीव टांगणीला लागला होता.

"आई, मी तेव्हाच म्हटलं होतं, कात्रीनं पोट उघडायचं ते चित्र तिला दाखवू नका. तुम्हाला वाटलं, सून जास्तच शहाणी. आता बघा. ते पुस्तक घ्या आणि घरी जा."

एरवी सुनेच्या एका शब्दाला आजीकडे दोन तयार असत. आज तिनं पुस्तक पदराआड घेतलं. ते तिनंच आणलं होतं. त्यात लांडगा आजीला गिळतो, मग लाल टोपीवाल्या नातीलाही गिळतो. शिकारी त्याचं पोट उघडून दोघींना बाहेर काढतो, आत दगड भरतो आणि टाके घालतो. चित्रं अशी जिवंत की लांडग्याच्या मिशीचा केस न् केस दिसावा. रोज दुपारी दोघी हीच गोष्ट खेळायच्या. नात डोक्यावर लाल टॉवेल घ्यायची. आजी पांघरुणात शिरून लांडगा व्हायची आणि घसा खरवडून गुरगुरायची. पोरगी खिदळायची. त्या खिदळण्यामागे भीती असेल, हे आजीच्या ध्यानीमनीही नव्हतं.

काल डॉक्टरांनी पोटाचा फोटो दिव्यासमोर धरून पांढरा खडा दाखवला. तेव्हापासून नात आजीला जवळ फिरकू देत नव्हती. बाळसं धरल्यापासून जी हिच्याच कुशीत झोपली, ती आता हिच्या सावलीला भीत होती. ऑपरेशन होईल, पोर बरी होईल, पण आपण तिला कायमच्या मुकलो, असं आजीला वाटलं. तिला रडू आलं.

ती निघाली. सुनेचं बोलणं गिळता येत होतं, नातीचं येईना. ती दारातूनच मागे वळली.

"जाते मी, बाळा. तुला घाबरवलं ना मी? आता परत कधी लांडगा नाही व्हायची."

पांघरुणातली मान जोरजोरात हलली.

"लांडगा तू नाहीयेस."

"मग कोण?"

नातीचे डोळे आईकडे गेले, नर्सकडे गेले, पुन्हा आजीवर आले आणि भरले.

"मी आहे. माझ्या पोटात दगड आहे, डॉक्टरांनी दाखवला की," ती हुंदके देत म्हणाली. "आणि सकाळपासून मला कुणी काही खाऊ देत नाहीये. आजी, तू जा ना लवकर. मला खूप भूक लागलीय."