थोरल्या दगडाची मनाई

"फोटो नको, रक्षा. कॅमेरा पिशवीत ठेव."

धम्मदीप सरांचा आवाज चढला नव्हता, तरी रक्षाने कॅमेरा आत ठेवला.

हिंगणीजवळ, बोरच्या जंगलाला लागून तानाबाईचं वावर होतं. त्याच्या पडीक टोकाला पंधरा-वीस दगड. काही बैलगाडीएवढे, काही घराएवढे. दोर न लावता, खाली गादी टाकून, नुसत्या हातापायांच्या बळावर चढायचे. ही जागा सरांनी शोधली होती. ते सेलूच्या शाळेत विज्ञान शिकवत आणि दर रविवारी चार-पाच जणांना इथे आणत.

त्यांचे नियम कडक होते. आधी तानाबाईच्या दारात जाऊन विचारायचं. दगडावर रंग लावायचा नाही, खाच पाडायची नाही, शेवाळ साध्या झाडूनेच काढायचं. जागा कुणाला सांगायची नाही. आणि थोरल्या दगडाला हात लावायचा नाही.

"तिथे तानाबाईंचा देव आहे," सर सांगत. "ज्याचं वावर, त्याचा शब्द."

२००५च्या फेब्रुवारीत नागपूरच्या एका गिर्यारोहण क्लबने विदर्भातल्या अशा जागांची माहिती इंटरनेटवर टाकायचं ठरवलं. क्लबमधल्या ओळखीच्यांनी रक्षाला विचारलं. तिने सरांना.

"आत्ताच नको," सर म्हणाले. "गाड्या भरून लोक येतील. म्हातारीने काय करायचं?"

परतताना बसमध्ये त्यांच्यातलाच धर्मेंद्र रक्षाच्या कानाशी लागला. "देव-बिव काही नाही. सरांना तो दगड आधी स्वतः चढायचाय. जो पहिला चढेल, त्यालाच दगडाला नाव देता येतं ना!"

रक्षाला ते पटलं नाही. पण एकदा तिने सरांना थोरल्या दगडापाशी एकटं पाहिलं होतं. तळहात दगडावर टेकून ते बराच वेळ उभे होते. संशय मनात राहिला तो राहिलाच.

बुधवारी ती एकटीच एसटीने हिंगणीला गेली. तानाबाई सुपात तूर पाखडत होती. आजवर रक्षा दारातूनच परवानगी घेऊन वळायची. आज ती आत जाऊन बसली. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, शेजारी बाबासाहेबांची.

"आजी, थोरल्या दगडावर कोणता देव आहे?"

"देव?" तानाबाईचं सूप थांबलं. "आमच्यात देव कुठला, माय?"

रक्षाची कानशिलं तापली. म्हणजे सर खोटं बोलले होते.

"मग सर तिथे चढू का देत नाहीत?"

म्हातारीने सूप बाजूला ठेवलं.

"माहा संघपाल पडला तिथून. सात वर्सं झाली. तिथंच गेला तो."

"एकटाच होता?"

"पोलिसाइनं एकटाच लिवला. मंग पंधरा दिवसानं मास्तर आले. पेपरात वाचलं म्हने. तवापासून येऊन राह्यले. छपरावरचे टिनं त्याइनंच बदलले. मले दवाखान्यातही तेच नेते."

रक्षा खाली मान घालून बसली. एका आईचं दुःख कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून सरांनी देव उभा केला होता, आणि आपण काय काय समजून बसलो!

"मी सरांची माफी मागते, आजी. मला सगळं कळलं म्हणून सांगते त्यांना."

तानाबाईने तिचं मनगट घट्ट धरलं.

"काही सांगू नोको त्याले."

"का?"

"त्या दिशी मी तुरीत होती. दगडावर दोघं होते. संघपाल पडला, तसा दुसरा माह्या समोरून पळाला. त्याचं तोंड पाह्यलं म्या." तिने मनगट सोडलं नाही. "मले मालूम हाये हे त्याले समजलं, तं येनं बंद करन तो. दोन दोन पोरं कशी गमावू, माय?"