खोट

भर दुपारी पुंजाराम अंगणात घोंगडं पांघरून बसला होता. आत मोबाइलची बॅटरी लावून तो एकेक अंडं उजेडापुढं धरत होता. बाहेरून त्याची लेक मनीषा अंडं हातात देत होती आणि पाहून झालेलं परत घेत होती. काळी कोंबडी अंड्यांवर बसून आठवडा उलटून गेला होता. एव्हाना आत लाल रेघांचं जाळं दिसायला हवं होतं. एकातही नव्हतं. पिवळा बलक तेवढा इकडून तिकडं डोलत होता.

घोंगडं सारून घाम पुसत तो म्हणाला, "सगळी कोरीच निघाली."

शेजारची सगुणाबाई कुंपणापाशी येऊन उभी होती. "मागल्या खेपेलाबी असंच झालं ना भाऊ? ही काळीच अवलक्षणी हाय. कापून टाका तिला."

पुंजाराम हसला. कोंबडा कुठला ठेवायचा आणि कुठला बाजाराला न्यायचा, हे विचारायला दिंडोरीच्या आसपासच्या वस्त्यांवरून माणसं त्याच्याकडं येत. बायको गेल्यापासून या कोंबड्यांवरच त्याचा जीव होता.

"तिनं काय केलंय?" तो म्हणाला. "ती तर बिचारी दाणापाणी सोडून बसलीय. आन् अंडी काय एकट्या तिचीच हायेत? चौघी-पाचजणींची हायेत. सगळ्याच कशा बिघडतील? खोट कोंबड्यात हाय."

"ह्या एवढ्या थोरल्या कोंबड्यात?"

"दिसण्यावर जाऊ नका. वणीच्या बाजारात त्याचा तुरा बघून मीबी भुललो. ह्याच्यात दम नाय, आन् दुसऱ्याला कोंबड्यांजवळ फिरकू देत नाय. त्यो करडा बघा. बारका हाय, पण दाणा गवसला की आधी कोंबड्यांना हाळी देतो, मग आपण खातो. आता त्यालाच ठेवायचा. मने, सुतळी आण गं."

थोरला कोंबडा बांधावर मान ताठ करून उभा होता. पुंजारामनं त्याला कोपऱ्यात घेऊन अलगद धरला आणि पंख दाबून काखेत घेतला. सगुणाबाई पदर सावरत आपल्या घराकडं वळली.

मनीषा सुतळी घेऊन आली, पण ती तिनं बापाच्या हातात दिली नाही. तिथंच उभी राहिली. पुंजारामनं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि आत्ता आपण काय बोललो, ते त्याचं त्यालाच ऐकू आलं.

लग्नानंतर मनीषाला मूल होईना, तेव्हा त्यानंच तिला कुठं कुठं नेलं होतं. सुरगाण्याकडून झाडपाल्याचा काढा आणून, समोर बसून, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला लावला होता. उपास धरायला लावले होते. जावई दीपक धिप्पाड गडी. ट्रॅक्टरवर बसला की बघत राहावं असा. त्याच्याकडं बोट दाखवावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. दिवाळीनंतर दोन्हीकडची माणसं बसली. तंटा वाढू नये म्हणून पुंजाराम नमतं घेऊन बोलला आणि फारकत झाली. मनीषा एक बॅग घेऊन माहेरी आली. दीपकचं दुसरं लग्न ठरतंय, असं परवाच कानावर आलं होतं.

"मने," पुंजाराम म्हणाला. "उद्या जातो मी तिकडं. म्हणतो, जावयाला आधी दवाखान्यात दाखवा. तपासून घ्या. मग काय ते बोला."

"तपासलंय, अण्णा."

"कधी?"

"झालं की वर्ष. गंगापूर रोडच्या दवाखान्यात दोघंबी गेलो होतो. घरी सांगितलं, लग्नाला चाललोय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, माझ्यात काही नाय. दोष त्यांच्यात हाय."

कोंबड्यानं काखेत धडपड केली. पुंजारामची पकड सुटली. कोंबडा पंख फडफडवत बांधावर गेला. त्याच्याकडं दोघांपैकी कुणीच पाहिलं नाही.

"खाली गाडीपाशी आल्यावर ते रडले," मनीषा सांगत होती. "एवढा मोठा माणूस, पार्किंगमध्ये खाली बसून रडला. म्हणाले, कुणाला बोलू नको, मला गावात तोंड दाखवता यायचं नाय. मी शब्द दिला. वाटलं, एवढं राखल्यावर ते मला कधी टाकणार नाहीत."

"अगं, पण तुझ्यावर एवढा काढा, उपास..."

"प्याले ना मी. केले ना सगळे."

पुंजाराम ओट्यावर टेकला. त्याला राग आला होता, पण कुणाचा, ते ठरत नव्हतं. मग तो लेकीवरच ओरडला. "मग माणसं बसली तेव्हा तरी बोलायचं! तुला टाकताहेत हे दिसत होतं ना? तोंड शिवलं होतं का तुझं?"

मनीषा हातातली सुतळी बोटाला गुंडाळत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती बोलली तेव्हा आवाजही चढलेला नव्हता.

"बोलणारच होते, अण्णा. शब्द मोडायचा असं ठरवूनच आतल्या खोलीतून दारापर्यंत आले होते. तेवढ्यात तुम्ही उठलात. त्यांच्या वडिलांपुढं हात जोडलेत आन् म्हणालात, आमच्याच पोरीत खोट हाय, तुमचा काय दोष नाय. बापच असं म्हणाल्यावर माझं कोण खरं मानणार होतं?"