शेवटचा आकडा

नोटीस बोर्डावर आपल्या नावापुढे ३४१ हा नंबर बघितला आणि पूजानं तो पुन्हा एकदा वाचला.

सांगलीच्या त्या कॉलेजात विषयांच्या नंबरांचा हिशेब सरळ होता. पहिला आकडा वर्षाचा, मधला विषयाचा. हे दोन आकडे पोरांनी फॉर्मवर लिहायचे. शेवटचा आकडा वेळेचा, तो चिंतामण सर टाकायचे. एक म्हणजे सकाळ, दोन म्हणजे दुपार. दोन वर्षं पूजाचा प्रत्येक नंबर दोनवर संपत आला होता. आपण फॉर्म सगळ्यांच्या आधी भरतो म्हणून, असं ती समजत होती. आणि यंदा शेवटच्या वर्षाला नेमका हा एक उपटला!

सकाळी कॉलेजात लीलाबाई असायची. सातपासून साडेअकरापर्यंत वर्ग झाडायची, जिने पुसायची. लीलाबाई म्हणजे पूजाची आई. आष्ट्याहून आई पहाटेच्या एसटीनं यायची, लेक अकराच्या. कॉलेजात हे नातं कुणाला म्हणजे कुणाला ठाऊक नव्हतं.

आता यात लपवायचं काय? पण प्रवेशाच्या दिवशी रांगेत ओवी भेटली, डॉक्टरांची मुलगी. तिनं सहज विचारलं, "तुझी आई काय करते गं?" समोरच्या पायऱ्या नुकत्याच पुसलेल्या, अजून ओल्या होत्या; बादलीही तिथंच होती. पूजाची नजर तिकडं गेली आणि तोंडातून निघून गेलं, "आई नाही मला."

झालं! बोललेलं परत घेता येईना. त्या संध्याकाळी स्वतःचीच इतकी लाज वाटली, की आईनं जवळ बसून "इषयाचं नंबर कंचं हायत गं तुजं?" असं विचारलं, तेव्हा तिनं खाली मान घालूनच ते सांगितले. आई ते आकडे घोकत बसली. पुढं दर जूनला तेच. आईला अक्षर येत नाही, पण लेकीच्या नंबरांचं केवढं कौतुक, असं पूजाला वाटायचं.

बोर्डावरून ती थेट चिंतामण सरांकडे गेली.

"सर, मला दुपारची वेळ द्या ना. आई आजारी असते. सकाळी तिच्यापाशी मलाच थांबावं लागतं."

किती खोटं बोलशील गं बाई, असं तिचं तिलाच वाटलं.

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "नाव?"

"पूजा. आष्ट्याची."

त्यांनी फाइल उघडून कागद पुढं सरकवला. ३४१ मधला एक लाल शाईनं खोडून वर दोन केला होता.

"कालच झालंय तुझं काम. यंदा यादी आधी लागली, म्हणून बोर्डावर जुनाच आकडा राहिला."

"पण मी तर अर्जच दिला नव्हता, सर."

"तू कशाला देशील? आपली लीलाबाई येते ना दरवर्षी. सकाळी झाडायला असते बघ. लिहिता येत नाही तिला, पण तुझे नंबर धडाधडा म्हणून दाखवते. शेवटचा आकडा तेवढा दोन करा म्हणून हात जोडते."

पूजानं तो कागद जवळ ओढला.

सर मात्र कोड्यात पडले होते. "पण तुझी आई आजारी कशी? लीलाबाई तर मला दरवर्षी सांगते, 'लय गुणाची पोर हाय, सायेब. बिचारीला आई न्हाई.'"