विकायची घोडी

लग्नसराईत प्रीतमच्या दोन घोड्या त्याला पोसत आणि बाकी वर्षभर तो त्यांना. चारा, चणे, नाल, औषधं करता करता त्याच्या नाकी नऊ आले, तेव्हा त्याने म्हाताऱ्या मैनेला विकायचं ठरवलं. तपासायला आलेल्या डॉक्टरबाईंनी तिच्या कानामागे घमेलं बडवलं. मैना निवांत चारा खात राहिली.

“प्रीतमभाऊ, ही ठार बहिरी आहे. गिऱ्हाइकापासून लपवू नका.”

प्रीतमला सावनेरची वरात आठवली. डीजे वाजताच तरण्या चांदनीने नवरदेवाला नालीत फेकलं होतं. मैना मात्र कुठल्याच वरातीत बिचकली नव्हती, आणि त्याचं श्रेय आजवर तो स्वतः घेत होता.

“मंग मैना राहू द्या, मॅडम. ते कानवालीच विकून टाकतो.”