बिस्किटांचा डबा

मी एकटी पडले म्हणून भावानं हा कुत्रा आणून दिला. तेव्हापासून फाटकाशी बिस्किटांचा डबा असतो. आलेल्या माणसानं बाहेरूनच बिस्किट टाकायचं, कुत्र्याच्या नजरेला नजर द्यायची नाही आणि तो खाली बसला की मगच कडी काढायची. गॅसवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना हेच सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आलाय. आज फाटकाबाहेर नवरा उभा होता, सहा वर्षांपूर्वी न सांगता निघून गेलेला. कुत्रा जीव तोडून भुंकत होता; माझ्यात भांडायचंही त्राण नव्हतं. मी डबा पुढे करून नेहमीचंच सांगितलं. त्यानं निमूटपणे बिस्किट टाकलं. कुत्रा ते खाऊन खाली बसला, वर शेपूटही हलवायला लागला. “बघ, बसला की!” म्हणत नवऱ्यानं कडीला हात घातला. मी डबा परत घेतला, झाकण लावलं. म्हटलं, “त्याचं एका बिस्किटावर भागतं.”